अकरा, आठ, सहा, तीन

पहिलंच सांगते, मी डॉक्टर नाही. झेडपीच्या शाळेत शिकवते, तासगाव तालुक्यात सासर, भिलवडी माहेर, आमच्या ह्यांची अडीच एकर द्राक्षबाग. आयव्हीएफला, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला, गेलो तेव्हा लग्नाला आठ वर्षं झाली होती, मी ३४ ची आणि हे ३८ चे. जायच्या आधी मी रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसायचे पण जे सापडायचं ते एकतर जाहिरात नाहीतर इतकं डॉक्टरी की डोकं गरगरायचं, आणि सांगलीला किती खेपा माराव्या लागतात, इंजेक्शनं कुठे ठेवायची, सासूला काय सांगायचं हे कुणी लिहीतच नाही. म्हणून बसलेय लिहायला.

त्याआधीची चार वर्षं नुसती माझ्याच तपासण्यांत गेली. थायरॉईड झालं, प्रोलॅक्टिन झालं, एचएसजी झाली, म्हणजे गर्भाशयातून औषध सोडून एक्सरे काढतात आणि नळ्या उघड्या आहेत का बघतात, काहींना पाळीसारखं दुखतं म्हणे, मला तर टेबल धरून ओरडावं लागलं. मग तीन आययूआय, म्हणजे नवऱ्याचे शुक्राणू बारीक नळीनं थेट गर्भाशयात सोडतात ते. ह्यांची तपासणी चार वर्षांत एकदा, आणि त्या डॉक्टरांनी कागदाकडे बघून 'बॉर्डरलाइन आहे, गोळ्या देतो' एवढंच म्हटलं. मीही पुढं काही विचारलं नाही, आपल्यातच काहीतरी असणार असं बाईला वाटतंच की.

सांगलीच्या सेंटरला गेल्यावर तिथल्या डॉक्टर मॅडमनी माझी जाडजूड फाईल बाजूला सरकवली आणि ह्यांना म्हणाल्या, "तुमचा रिपोर्ट?" हे माझ्याकडे बघायला लागले. मग आधी तीन दिवस एकमेकांपासून लांब राहून ह्यांची सीमेन, म्हणजे वीर्य, तपासणी, एकदा त्याच आठवड्यात आणि परत तीन महिन्यांनी, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात त्यामुळं एका रिपोर्टवर काही ठरवत नाहीत. एका मिलिलीटरमध्ये १६ मिलियन ही खालची हद्द धरतात, म्हणजे एक कोटी साठ लाख, आणि ह्यांचे पहिल्यांदा साडेतीन आणि दुसऱ्यांदा चार मिलियन, त्यात पळणारे थोडेच. मॅडमनी विचारलं फवारणी स्वतः करता का, तोंडाला काही बांधता का, तंबाखू खाता का. तिन्हीची उत्तरं काय असणार ते बागाईतदाराच्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको. ह्यांनी त्या दिवशी पुष्पराज चौकात तंबाखूची पुडी गटारीत टाकली, ती मात्र आजवर परत घेतली नाही. पण इतक्या कमी काउंटवर आययूआयचा फारसा उपयोग नसतो हे कळल्यावर त्या तीन आययूआयचे पैसे आणि दर वेळची ती पंधरा दिवसांची आशा आठवून मला गाडीवर मागं बसून रडू आलं, हेल्मेट होतं म्हणून बरं. तेव्हा बायांनो, नवऱ्याचा रिपोर्ट पहिला. तो बघितल्याशिवाय स्वतःच्या अंगाला सुई लावून घेऊ नका.

आमच्या केसला इक्सी सांगितली. साध्या आयव्हीएफमध्ये बीजाभोवती शुक्राणू सोडतात आणि ज्याला जमेल तो आत शिरतो, इक्सीत एकेका बीजात एकेक शुक्राणू बारीक सुईनं आत सोडतात. नाव तेच, टेस्ट ट्यूब बेबी, पण नळी कुठंच नसते, चपट्या डिशमध्ये सगळं चालतं.

ते नाव ऐकून आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घास तसाच ठेवला. "कुणाचं मिसळतात गं त्यात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हेच म्हणाले, "आई, माझंच हाय आणि हिचंच हाय, फक्त बाहेर भेटवायचं." मी त्यांना सांगितलं की हे काय आजचं नाही, मुंबईच्या केईएममध्ये इंदिरा हिंदुजा मॅडमच्या टीमनं १९८६ साली केलंय, ती मुलगी आता चाळिशीला आली असेल. केईएम म्हटल्यावर आत्या जरा सैल झाल्या, कारण मामंजींचं ऑपरेशन तिथंच झालेलं. जाऊबाईंनी मात्र हळूच विचारलं, एवढे पैसे घालताच आहात तर मुलगाच करून देतात का बघा की. सेंटरच्या दारातच बोर्ड आहे, लिंगनिदान होत नाही, कायदा १९९४ चा आहे, आणि दर सोनोग्राफीला फॉर्म भरून घेतात. मी जाऊबाईंना तो बोर्ड फोटो काढून पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

कागदपत्रांचं आधी बघा. आधार, फोटो आणि लग्नाचा दाखला, जो आमच्याकडं नव्हताच, आठ वर्षांनी ग्रामपंचायतीत जाऊन लग्न नोंदवलं, ग्रामसेवक म्हणाले आता कशाला सुचलं, हे म्हणाले पासपोर्ट काढायचाय. २०२१ च्या कायद्यानं आता सेंटरची नोंदणी लागते, बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं, नोंदणीचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं ते बघून घ्या. दोघांच्या एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, व्हीडीआरएल (गुप्तरोगाची) ह्या रक्ततपासण्या होतात, त्याला घाबरू नका, सगळ्यांच्याच करतात. आणि मग संमतीपत्रांचा गठ्ठा. त्यात एक पान असं होतं की गोठवलेले गर्भ असताना दोघांपैकी कुणी वारलं किंवा घटस्फोट झाला तर त्या गर्भांचं काय करायचं. मूल मागायला आलेल्या माणसानं हे लिहून द्यायचं. हे पेन हातात धरून पाच मिनिटं तसेच बसले होते, मग म्हणाले, तू लिही, मी सही करतो.

पैशाचं एकदाच सांगते. पॅकेज म्हणून जे सांगितलं त्यात इंजेक्शनं नव्हती, भूल नव्हती, गोठवायचे पैसे वेगळे आणि नंतरच्या ट्रान्सफरचे, म्हणजे गर्भ परत गर्भाशयात सोडायचे, वेगळे. सगळं मिळून आम्हाला दोन लाख नव्वदच्या आसपास गेले. मेडिक्लेमवाल्यानं फोनवरच हात वर केले. बागेचे पैसे व्यापाऱ्याकडं अडकलेले (हे तासगावात नवीन नाही) म्हणून माझ्या शिक्षक सोसायटीचं कर्ज काढलं. पहिल्याच दिवशी विचारा, पॅकेजच्या बाहेर काय काय आहे, आणि ते कागदावर लिहून घ्या. दुसरं, यशाचा आकडा सांगतात तो कशाचा ते विचारा. आम्ही आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, तिथली काउन्सेलर बाई सत्तर टक्के सत्तर टक्के करत होती, खोदून विचारलं तर ते टेस्ट पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण निघालं, आणि बाळ घरी किती जणींनी नेलं ह्यावर 'ते पेशंट टू पेशंट असतं मॅडम'.

मे महिन्याची सुट्टी धरून सुरू केलं. एप्रिल छाटणी उरकलेली, मला शाळा नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशी खालून सोनोग्राफी (पाळी चालू असताना करतात, लाज वाटते, तिथल्या सिस्टरना काही वाटत नाही) आणि त्या रात्रीपासून बीजं वाढवायला पोटात इंजेक्शन. बेंबीच्या दोन बोटं बाजूला चिमूट धरायची आणि बारीक सुई, रोज एकाच वेळेला. गावातल्या नर्सताईंकडून घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा, म्हणून सेंटरच्या सिस्टरकडून मीच शिकले. पहिल्या रात्री सुई हातात धरून वीस मिनिटं आरशासमोर उभी होते, टोचली तर मुंगीएवढं पण दुखलं नाही. सहाव्या दिवसापासून दुसरं एक इंजेक्शन वाढलं, बीजं वेळेआधी फुटून जाऊ नयेत म्हणून. हे सगळं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि आमच्याकडं मेमधली लाईट. एकदा दुपारी साडेतीन तास गेली, मी सिस्टरना फोन केला, त्या म्हणाल्या दार उघडू नका काही होत नाही, आणि नेमकं आत्यांना तेव्हाच ताक हवं होतं.

दर दोन-तीन दिवसांनी सांगलीला सोनोग्राफी. सकाळी साडेसातला गाडीवर निघायचं, ऊन व्हायच्या आत परत. पोट टम्म, कपडे घट्ट, चिडचिड तर विचारू नका, आणि शहाळं आणि उकडलेली अंडी खा म्हणून सांगितलेलं. ह्यांचा विनोद, अंडी काढायची म्हणून अंडी चारायची. आणि हे दुसरंही म्हणायचे, मण्यांची फुगवण व्हावी म्हणून आपण जीएचं औषध मारतो ना, तसंच चाललंय की तुझं. मला राग यायचा पण खरं सांगायचं तर ह्यांना तो सगळा प्रकार माझ्यापेक्षा लवकर कळला. ऑक्टोबर छाटणीच्या आधी काडी तपासून आणतात, काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड आहे का ते मायक्रोस्कोपखाली बघतात, ज्याला हे माहीत आहे त्याला लॅबवाल्या मॅडमचं बोलणं नवीन वाटत नाही.

अकराव्या दिवशी ट्रिगर, म्हणजे बीजं शेवटची पिकवायचं इंजेक्शन. हे इंजेक्शन घड्याळ लावून, मंगळवारी रात्री बरोबर दहाला, कारण त्यानंतर साधारण ३५-३६ तासांनी बीजं काढायची असतात, लवकर केलं तर पिकत नाहीत, उशीर केला तर फुटून जातात. गुरुवारी साडेनऊला आत घेतलं. उपाशीपोटी, दागिने काढून, मंगळसूत्र ह्यांच्या शर्टच्या खिशात. भूल देतात, वीस मिनिटांत होतं, खालूनच सुईनं, टाके वगैरे नाहीत. शुद्धीवर येताना मी म्हणे सिस्टरला चौथीच्या पोरांचे पाढे विचारत होते. त्याच वेळी ह्यांना वेगळ्या खोलीत डबी घेऊन पाठवलेलं, त्याबद्दल ते आजही काही बोलत नाहीत, मीही विचारत नाही. त्या दिवशी आणि पुढं चारपाच दिवस पोट फार फुगलं, लघवी कमी झाली, दम लागला किंवा वजन भराभर वाढलं तर रात्री-अपरात्री पण फोन करा असं त्यांनी बजावून सांगितलेलं, मला तेवढं झालं नाही पण होणाऱ्यांना होतं, अंगावर काढू नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. आकडे.

गुरुवारी संध्याकाळी सांगितलं, अकरा बीजं मिळाली. मला अकरा म्हणजे अकरा पोरं दिसायला लागली, मी आईला फोन करून सांगितलंसुद्धा. त्याच रात्री मेसेज, अकरातली आठ पक्व आहेत, इक्सी फक्त पक्व बीजावर होते. शुक्रवारी सकाळी फोन, सहा फलित झाली. मग शनिवारी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, सहाच्या सहा वाढतायत असं कळलं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी लॅबवाल्या मॅडमचा फोन, तीन ब्लास्टोसिस्ट झाले, म्हणजे पाच-सहा दिवस वाढून गर्भाशयात सोडण्याजोगे गर्भ, ते गोठवले. बाकीच्यांचं काय झालं? थांबले, त्या म्हणाल्या. वाढायचे थांबले. एवढंच. मी स्वयंपाकघरात खाली बसले. कुणीतरी आधी सांगितलं असतं की प्रत्येक पायरीला काही ना काही गळतातच, बहुतेक सगळ्यांचेच जातात, आपलं काही चुकलेलं नसतं, तर त्या पाच दिवसांत मी फोनला इतकी घाबरले नसते. ह्यांनी मात्र चहा ओतत विचारलं, "बागेत गळ धरूनच हिशोब करायचा असतो, तुला कुणी सांगितलं नव्हतं?" म्हटलं मला कोण सांगणार, मी मास्तरीण, माझ्या वर्गात अकरा पोरं म्हणजे संध्याकाळीपण अकराच.

लगेच ट्रान्सफर केलं नाही. ट्रिगरच्या दिवशी माझं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर गर्भासाठी तयार करणारं हार्मोन, वाढलेलं, अशा वेळी गर्भाशयाचं अस्तर गर्भाशी वेळेत जुळत नाही म्हणून सगळे गोठवून पुढच्या पाळ्यांत सोडायचे असं ठरलं. गोठवतात म्हणजे उणे १९६ डिग्रीला, लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत.

आणि आला पावसाळा. माझं माहेर भिलवडी, २०१९ ला आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी, त्यामुळं जुलै लागला की सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघायची मला सवयच आहे. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. ह्या वेळी छत्तीस झालं, सदतीस झालं, कोयनेतून विसर्ग वाढवला म्हणून बातम्या, आणि मला घर आठवेना, आईवडील आठवेनात, त्या टाकीतले तीन आठवायला लागले. लाईट गेली तर? सेंटरला फोन लावला आणि लाजत लाजत विचारलं. लॅबवाल्या मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही आज सातव्या आहात, लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि टाकीला लाईट लागतच नाही, नायट्रोजन कमी झाला की भरायचा, जादाची टाकी कालच मागवून ठेवलीय. पाणी एकोणचाळीसवरनं उतरलं. मग भिलवडीला फोन केला, आई म्हणाली, आत्ता आठवण झाली होय.

जुलैअखेर पहिलं ट्रान्सफर. आधी दोन आठवडे अस्तर वाढवायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या, अस्तर साडेआठ मिलिमीटर झालं, मग पाच दिवस प्रोजेस्टेरॉन. ट्रान्सफरला भूल नसते, फक्त लघवी भरलेली ठेवायची म्हणजे सोनोग्राफीत नीट दिसतं, आणि खरं दुखणं तेच, अर्धा तास उशीर झाला तर जीव जातो. पडद्यावर आपला गर्भ दाखवतात, एक गोल बुडबुडा. ह्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "डोळ्यात घड आहे." डॉक्टर मॅडमना काही कळलं नाही. एकच सोडला, जुळ्यांत आईला आणि पोरांनाही धोका जास्त म्हणून. मॅडम म्हणाल्या घरी जा, नेहमीची कामं करा, झोपून राहायची गरज नाही. आत्यांनी मात्र आठ दिवस मला कॉटवरनं खाली उतरू दिलं नाही, पपई तर गल्लीत पण आणू दिली नाही, तासगावच्या गणपतीला एकवीस नारळ बोलून आल्या.

बाराव्या दिवशी बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिलेत का बघायची रक्ततपासणी. रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी सातवीवर इतिहास घेत होते. दोनपेक्षा कमी. म्हणजे नाही. पोरांना वाचन दिलं आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिले. तासगावच्या गणपतीच्या रथोत्सवाला गेलो तेव्हा गर्दीत तीन बायकांनी विचारलं, यंदा तरी काही? आत्याच खेकसल्या त्यांच्यावर, मला नवल वाटलं. एकवीसातले अकरा नारळ त्यांनी तरीही फोडले, का विचारलं तर म्हणाल्या, निम्मे ॲडव्हान्स.

मॅडमनी विचारलं, लगेच करायचं का. मी नाही म्हटलं. ऑक्टोबर छाटणी होऊ दे, दिवाळी होऊ दे. दोन पाळ्या नुसत्या जाऊ दिल्या, भडंग खाल्लं, हरिपूरला संगमावर जाऊन बसलो, सांगलीत जाऊनही सेंटरच्या रस्त्याला गेलो नाही.

दुसऱ्या वेळी गोळ्यांबरोबर तेलातलं प्रोजेस्टेरॉन दिलं, कमरेखाली, जाड सुई. हे दुखतं. गाठी होतात, रात्री कुशीवर झोपता येत नाही, गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायचं. हे म्हणाले मी देतो, म्हशीला देतोच की. सिस्टरनी त्यांना चार वेळा नीट शिकवलं, नेमकी कुठली जागा, कुठली शीर चुकवायची, तेव्हा परवानगी मिळाली. म्हैस बरी, ती हलत नाही असं म्हणायचे.

ह्या वेळी बारा दिवस मी कुणालाच तारीख सांगितली नाही. घरी किट आणून बघायचं नाही असं ठरवलेलं आणि नवव्या दिवशी पहाटे बघितलंच, पुसट रेघ, दिसतेय की नाही असं करत ट्यूबलाइटखाली, मग उन्हात, मग मोबाईलच्या टॉर्चमध्ये. बाराव्या दिवशी बीटा ४१२. दोन दिवसांनी परत, ९४०. नुसता एक आकडा बघून नाचायचं नाही, अठ्ठेचाळीस तासांत तो वाढतो का ते बघतात. मग अडीच आठवड्यांनी सोनोग्राफी, आणि तिथं ते ठोके. ह्यांना ऐकू आले नाहीत, त्यांना दिसले, पडद्यावर काहीतरी लुकलुकतंय म्हणाले.

आत्यांना महिन्यांचा हिशोब काही पटत नाही. ट्रान्सफरच्या दिवशीच दोन आठवडे पाच दिवस धरतात हे मी तीन वेळा सांगितलं, त्या म्हणतात सोडायच्या आधीच दोन आठवड्यांचं कसं असेल. इंजेक्शनं दहाव्या आठवड्यानंतर हळूहळू बंद केली. आता पाचवा महिना चालू आहे. उरलेले दहा नारळ आत्यांनी डब्यात मोजून ठेवलेत.

काल सेंटरचा मेसेज आला, तुमचा एक गर्भ साठवणीत आहे, वार्षिक शुल्क भरायची मुदत ह्या महिनाअखेर. मी ह्यांना दाखवला. बागेत विरळणी चालू होती, हातातली कात्री खिशात घालून त्यांनी मेसेज दोनदा वाचला, म्हणाले, सोसायटीचा हप्ता पाच तारखेला आहे ना, त्याच्या आधी हे भरून टाक.